स्कीइंगला निघालेल्या मुलांचे पाऊल आधी मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपत आला की नागपुरात काश्मीर, औली, मनालीच्या हिवाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी अशा सहलीत बर्फ म्हणजे फोटो आणि स्लेजवरची एखादी फेरी. आता 'मुलांसाठी स्कीइंग' ही ओळ हमखास असते आणि काही पालक मुलांना सात किंवा चौदा दिवसांच्या रीतसर अभ्यासक्रमालाही पाठवतात. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्या गावातले मूल शून्याखालच्या थंडीत उतारावर स्वतःच्या तोलाने उभे राहते, यापरता आनंद नाही. पण तिसऱ्या दिवशी तेच मूल "पाय दुखतात, मला नाही करायचं" म्हणून हॉटेलच्या खोलीत बसून राहते आणि आईवडिलांना वाटते, पोरगं भित्रं आहे, त्याला थंडी सोसत नाही. बहुतेक वेळा मूल भित्रे नसते. बूट चुकीचा असतो. हे पत्र मुख्यतः त्या बुटासाठी आहे.

पालक जॅकेटवर हजारो रुपये खर्च करतात आणि बूट तिथे गेल्यावर भाड्याने जो मिळेल तो घेतात. खरे तर जॅकेट थोडे सैल असले तरी चालते, बूट एखादा सेंटीमीटर चुकला तरी चालत नाही. स्कीच्या बुटाचे माप शाळेच्या बुटासारखे तीन-चार नंबरात नसते, ते तळपायाच्या लांबीच्या सेंटीमीटरमध्ये असते. म्हणून नागपूर सोडण्यापूर्वी घरीच मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाऊल किंचित पसरते. भिंतीला टाच टेकवून कागदावर मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा. २०.३ सेंटीमीटर आले, तर बूट २०.५ किंवा फार तर २१ चा. बहुतेक कंपन्यांत २० आणि २०.५ चे बाहेरचे प्लास्टिकचे कवच एकच असते, फरक आतल्या अस्तरात किंवा तळव्यात असतो. तेव्हा अर्ध्या नंबरासाठी दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

"वाढतं वय आहे, दोन वर्षं चालेल असा घ्या" हा आपला नेहमीचा हिशेब इथे अंगलट येतो. मुलाचे पाऊल वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते, म्हणून दोन सेंटीमीटर मोठा बूट घेतला की आत टाच उचलली जाते. मूल गुडघा पुढे वाकवते, नडगी बुटाच्या जिभेला टेकते, पण पाय आतच सरकतो आणि स्कीला वळण्याचा इशारा पोहोचत नाही. मग मूल घाबरून मागे रेलते. मागे रेलले की स्कीची टोके हलकी होतात, वेग वाढतो, ते पडते. पडले की आणखी मागे रेलते. बर्फावर उभे राहून कितीही वेळा "पुढे झुक" म्हणून ओरडले तरी हे चक्र तुटत नाही. बूट बदलला की पहिल्या तासात तुटते.

दुकानात बूट तपासायची रीत सोपी आहे. आतले मऊ अस्तर बाहेर काढा, मुलाला नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालू द्या, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटाने पाहा. एक ते दीड बोट, म्हणजे सव्वा ते दीड सेंटीमीटर जागा ठीक. दोन बोटे आरामात गेली तर बूट परत करा. मग अस्तर घालून बकल लावा. सरळ उभे असताना बोटे पुढे टेकल्यासारखी वाटली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की ती थोडी मागे सरकली पाहिजेत. असा बूट घालून मुलाला पंधरा-वीस मिनिटे दुकानातच चालवा. टाच उचलली जाते का, हे त्यालाच विचारा, तुम्ही बाहेरून पाहून सांगू शकत नाही.

पायमोजा एकच आणि पातळ, लोकर किंवा पॉलिएस्टरचा, गुडघ्यापर्यंतचा. थंडी म्हणून दोन जाड मोजे चढवणे ही आपल्याकडची सर्वांत सार्वत्रिक चूक. दोन मोज्यांनी पाय दाबला जातो, रक्त खाली उतरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतो. शिवाय दोन थरांची सुरकुती नडगीवर घासून दुपारपर्यंत फोड आणते. थर्मलची पँटही बुटात खोचू नका, ती बुटाच्या वर संपली पाहिजे. वाढत्या मुलांसाठी बूट मऊच असावा. बुटावर छापलेला कडकपणाचा आकडा ४० ते ६० च्या आसपास पुरतो. वीस किलोचे मूल शंभर आकड्याचा बूट वाकवूच शकत नाही, त्यात ते खांबासारखे ताठ उभे राहते.

आता बाइंडिंग. बूट आणि स्की यांना जोडणारा हा खटका पडताना सुटला पाहिजे. पुढचा भाग पाय पिळला गेला की बाजूला सुटतो, मागचा भाग पुढे तोल गेला की वर सुटतो. किती जोर लागल्यावर सुटावे हे त्याच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरते आणि तो आकडा मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी पाहून तक्त्यावरून काढतात. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ कवचावर छापलेली असते. ३० किलोच्या आतल्या नवशिक्या मुलाचा आकडा बहुधा अडीचच्या आतच येतो, दहा वर्षांखालच्या मुलासाठी आणखी एक पायरी खाली. मोठ्यांच्या बऱ्याच बाइंडिंगची मोजपट्टी मात्र ३ पासूनच सुरू होते. म्हणजे गर्दीच्या दिवसांत लहान स्की संपल्या म्हणून मुलाला मोठ्यांची जोडी दिली, तर वरून सगळे ठीक दिसूनही पडताना बाइंडिंग सुटणार नाही. पाय पिळला जाईल आणि नडगीचे हाड पिळासारखे तिरके मोडेल. लहान मुलांत स्कीइंगची ही अगदी ठरलेली दुखापत आहे. शिवाय लहान मुलांच्या बुटांचे तळवे मोठ्यांच्या बुटांपेक्षा अरुंद आणि वेगळ्या घडणीचे असतात, ते मोठ्यांच्या बाइंडिंगमध्ये नीट बसतातच असे नाही.

म्हणून भाड्याच्या दुकानात चार गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. बुटाची लांबी वाचून बाइंडिंगचा मागचा भाग पुढे-मागे सरकवला का? दोन्ही स्कींवर, पुढे आणि मागे, असे चारही आकडे लावले का? मुलाचे खरे वजन विचारले का? आकडा कागदावर लिहून दिला का? "अंदाजाने लावतो, रोजचंच काम आहे" असे उत्तर आले तर शेजारचे दुकान गाठा. आणि मुलाला "तुला येतं ना?" विचारल्यावर त्याने अभिमानाने "हो" म्हटले तरी कौशल्याच्या रकान्यात 'नवशिका' हेच लिहायला सांगा. रोज सकाळी आणखी एक काम: स्कीत पाय घालण्यापूर्वी बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढा. तिथे बर्फाचा थर राहिला की खटका अर्धवट बसतो आणि स्की भलत्याच वेळी निसटते.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. नवशिक्या मुलाची स्की उभी केली तर टोक छाती आणि हनुवटी यांच्या मध्ये कुठेतरी यावे. पहिले दोन-तीन दिवस हातात काठ्या नकोत, त्या मुलाचे लक्ष पायांवरून हातांकडे नेतात. हेल्मेट डोक्याचा घेर मोजून घ्या, सायकलचे चालत नाही. गॉगल आणि हेल्मेट यांच्यात कपाळाची उघडी पट्टी राहायला नको. हातमोजे पाच बोटांचे असण्यापेक्षा एका कप्प्याचे ऊबदार. आत सुती बनियन घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवते आणि उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टवर बसल्यावर तेच ओले कापड मुलाला हुडहुडी भरवते. नागपुरात थंडीत लागणाऱ्या तिबेटी स्वेटरच्या दुकानांतली लोकर मधल्या थराला छान असते, फक्त बाहेरून पाणी न शिरणारे जॅकेट हवे. पँट खांद्यावरून पट्ट्यांची असेल तर बूट घालण्यापूर्वी मुलाला बाथरूमला नेऊन आणा. उतारावर सगळे उतरवायला दहा मिनिटे लागतात आणि मूल दहा मिनिटे थांबू शकत नाही.

नागपुरात बर्फ नाही म्हणून तयारी होत नाही, असे नाही. सहलीच्या सहा आठवडे आधीपासून चाकाच्या स्केट्सवर आठवड्यातून तीन दिवस घाला. एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सवर वळताना बाहेरच्या पायावर भार द्यावा लागतो आणि स्कीवरही नेमके तेच हवे असते. गल्लीतल्या स्केटिंगच्या वर्गाला जाणारी मुले बर्फावर पहिल्याच दिवशी इतरांपेक्षा वेगळी दिसतात. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखे बसणे, तीस सेकंद, तीन वेळा. दात घासताना एका पायावर उभे राहणे. सेमिनरी हिल्सच्या चढावर चढणे आणि विशेषतः सावकाश उतरणे, कारण स्कीइंगमध्ये मांड्या उतरतानाच थकतात. अंबाझरी तलावाभोवती सायकल. एवढे पुरे.

उंचीचा मुद्दा नागपूरकर विसरतात. आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. विमानाने दिल्लीमार्गे श्रीनगर आणि पुढे ५० किलोमीटर गाडी असा प्रवास एकाच दिवसात झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला डोकेदुखी, मळमळ, चिडचिड होऊ शकते. पहिला दिवस फक्त चालणे, पाणी पिणे आणि लवकर झोपणे यासाठी ठेवा. तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत, कोमट पाण्याची बाटली खिशात द्या. उंचीवर ऊन प्रखर असते आणि ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत वर फेकतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, ढगाळ दिवशीही. हे सगळे नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांनाही लागू आहे.

पहिले चार दिवस कसे जातात, हे माहीत असले की पालकांचा धीर टिकतो. पहिल्या दिवशी मूल फक्त सपाटीवर एका स्कीवर घसरते, बाजूच्या पावलांनी उतार चढते, पडायला आणि उठायला शिकते. पडावे बाजूला, मागे नाही. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणाव्या, नाहीतर उठता उठता त्या पुन्हा घसरतात. दुसऱ्या दिवशी स्कीची मागची टोके बाहेर ढकलून पुढे त्रिकोण करायचा. याला शिक्षक 'पिझ्झा' म्हणतात आणि मुलांना हा शब्द लगेच कळतो. तिसऱ्या दिवशी त्रिकोणातच एका पायावर जास्त भार देऊन वळण. तिसऱ्या दिवसाच्या दुपारी बरीच मुले रडतात. शरीर थकलेले असते, नवल संपलेले असते आणि वळण अजून हाती आलेले नसते. त्या दुपारी सुट्टी द्या, गरम काहीतरी खायला घाला, उतारावर नेऊ नका. चौथ्या दिवशी सकाळी अचानक जमते. स्की बर्फावर खरखरण्याऐवजी सळसळू लागते आणि मूल स्वतःच तो आवाज ओळखते. वळून मागे पाहत नाही, आईबाबा बघताहेत का हे विचारत नाही, पुन्हा रांगेत जाऊन उभे राहते. हा क्षण पाहण्यासाठी केलेला सगळा खर्च वसूल होतो, असे आम्ही मनापासून सांगतो.

मात्र तोवर पालकांनी बाजूला राहावे. शिक्षक शिकवत असताना उताराच्या खालून सूचना ओरडणे, मोबाइलसाठी "पुन्हा कर, नीट आलं नाही" म्हणणे, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करणे, याने मूल शिक्षकाऐवजी आपल्या तोंडाकडे पाहू लागते. आपल्या मुलांचे एक चांगले आहे: नागपूरच्या पोरांना हिंदी घरच्यासारखी येते, त्यामुळे गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगच्या शिक्षकांशी त्यांची गट्टी लवकर जमते. त्या गट्टीत मध्ये पडू नका. दिवसाला सकाळी दोन तास आणि दुपारी दीड तास पुरेसे. "पैसे भरलेत तर पाच वाजेपर्यंत कर" हा आग्रह सोडा, थकलेल्या पायांनी केलेली शेवटची फेरीच दुखापतीची असते.

उताराचे नियमही मुलाला आधी सांगा. पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची. थांबायचे ते कडेला, अरुंद जागी किंवा चढाच्या आड नाही. गुलमर्गच्या सुरुवातीच्या उतारांवर स्लेज आणि पायी फिरणारे पर्यटक मधूनच आडवे येतात, म्हणून थांबता येणे हे वळता येण्याच्या आधी शिकायचे. आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा, जो अफरवट डोंगरावर जवळपास ३९५० मीटरपर्यंत जातो, तो नवशिक्या मुलांसाठी नाही. तिथला बराचसा डोंगर राखलेल्या उतारांचा नाही. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात परदेशी स्कीपटू दगावले आहेत. चार दिवसांत वळण जमले म्हणून मूल हट्ट करील, तिथे मात्र ठाम राहा.

वैतागाच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पहिली, बर्फाचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. नाताळच्या सुट्टीत खालच्या उतारांवर पुरेसा थर असेलच असे नाही, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध जास्त भरवशाचा. पण तेव्हाच आपल्या शाळांत सराव परीक्षा आणि प्रकल्पवह्या असतात. चौदा दिवसांच्या अभ्यासक्रमाला प्रवासाचे चार दिवस धरले तर सुट्ट्या धरून अठरा दिवस जातात. त्यामुळे पाचवी ते आठवी ही वर्षे सोयीची, नववीनंतर सगळे अवघड होते. दुसरी, विमा. प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, ते कलम वाचून स्कीइंग वेगळे जोडून घ्या. तिसरी, मूल एकदा रमले की दरवर्षी बूट लहान होतो. स्वतःचे बूट घेतलेल्या पालकांनी ते आपसात फिरवावेत, धाकट्या बहिणीपासून शेजारच्या मुलापर्यंत. मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचा बूट घेऊ नका. त्याचे प्लास्टिक आतून ठिसूळ झालेले असते आणि थंडीत एकाएकी तडकते.

ज्यांनी सामान विकत घेतले आहे त्यांच्यासाठी खास नागपुरी सूचना. स्कीच्या कडा पोलादाच्या असतात. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात त्या गंजतात, आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत तर मार्चपासूनच. परतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, कडांवर तेलाचा पातळ हात फिरवा, तळाला मेणाचा जाड थर लावून तो तसाच राहू द्या आणि पुढच्या हंगामाआधी खरवडा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यातल्या उष्णतेने मेण मऊ पडते आणि बुटाचे कवच वाकडे होऊ शकते. बूट ठेवताना बकल सैलसर लावूनच ठेवा, उघडे सोडले की कवच पसरते. हेल्मेट गाडीच्या डिकीत सोडू नका. आणि डोंगरात असताना ओले बूट बुखारीशेजारी, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीशेजारी, वाळवू नका. अस्तर काढून खोलीच्या हवेत उभे ठेवा, रात्रीत वाळते. बुखारीच्या आचेने अस्तराचा फोम कडक होतो आणि सकाळी तोच बूट मुलाला टोचू लागतो.

बीजिंग २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू काश्मीरचा आरिफ खान होता आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. तो गुलमर्गच्या उतारांवर चार वर्षांचा असल्यापासून स्की करत होता. विदर्भातल्या मुलाला वर्षातून दोन आठवडे मिळतात. त्यातले चार दिवस चुकीच्या बुटात जाणे आम्हाला फार मोठे नुकसान वाटते.

म्हणून शहरातल्या सहल आयोजकांना आणि शाळांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. नोंदणीच्या अर्जात मुलाचे नाव, वय आणि शाकाहारी की मांसाहारी एवढेच विचारता, त्यात तळपायाची सेंटीमीटरमधली लांबी, वजन, उंची आणि डोक्याचा घेर हे चार रकाने वाढवा आणि ती यादी गुलमर्ग, औली किंवा सोलंगच्या दुकानदाराला महिनाभर आधी पाठवा. लहान मापाचे बूट आणि बाइंडिंग आधीच बाजूला ठेवले जातील. शाळांनी सहावी-सातवीच्या मुलांची ती दोन आठवड्यांची रजा मंजूर करताना चाचणी परत घेण्याची सोय द्यावी. जानेवारीच्या तुकड्यांची यादी नोव्हेंबरअखेर गेली तरच उपयोग आहे.

आपले,
स्कीइंग शिकणाऱ्या मुलांचे काही पालक
नागपूर